रिफंड नाकारला गेला, आता कोणत्या स्टोअरवर विश्वास ठेवायचा?

वाचकाचे पत्र

मी बऱ्याच वर्षांपासून पीसीवर गेम खेळतो. माझी वेगवेगळ्या स्टोअरवर खाती आहेत आणि त्यांत मिळून शेकडो गेम जमले आहेत. त्यांतले बहुतेक फुकट मिळालेले आणि एकदाही न उघडलेले आहेत. गेल्या महिन्यात मात्र मी एक नवा गेम पूर्ण किमतीला विकत घेतला. सुरुवातीचे काही तास तो उत्तम चालला, पण तिसऱ्या प्रकरणात एका ठरावीक जागी पोहोचलो की तो बंद पडू लागला. रिफंड मागितला, तर खेळण्याची वेळ मर्यादेबाहेर गेल्याचे सांगून तो नाकारण्यात आला. सपोर्टला पुन्हा पुन्हा लिहिले, तर दर वेळी तेच साचेबद्ध उत्तर आले. एक मित्र म्हणतो, बँकेकडे तक्रार कर आणि पैसे परत घे. दुसरा म्हणतो, यापुढे सगळे गेम एकाच मोठ्या स्टोअरवर घे आणि फुकटच्या गेमचा नाद सोड. तिसऱ्याचे म्हणणे असे की दर आठवड्याला फुकट गेम मिळत असताना विकत घ्यायचेच कशाला. मी काय करावे?

– गोंधळलेला खेळाडू

उत्तर

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण त्यांतल्या एकात घाईने पाऊल उचलले तर नुकसान मोठे होईल, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. बँकेकडून व्यवहार उलटवून घेण्याचा, म्हणजेच चार्जबॅकचा मार्ग आज तरी धरू नका. ती सोय मुख्यतः ज्या प्रसंगांसाठी आहे ते वेगळे आहेत: तुमच्या नकळत कार्डावरून पैसे गेले, एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले किंवा पैसे घेऊन गेम खात्यात आलाच नाही. तुमच्या बाबतीत गेम मिळाला, काही तास चालला आणि मग त्यात दोष निघाला. हा वाद मालाच्या दर्जाचा आहे. तो बँकेपुढे नेला की स्टोअरच्या लेखी तुमचे खाते पैशांचा वाद असलेले खाते ठरते आणि असा वाद मिटेपर्यंत खात्यावर निर्बंध घालण्याचा हक्क बहुतेक स्टोअरनी आपल्या करारात राखून ठेवलेला असतो. म्हणजे एका गेमचे पैसे सोडवायला जाताना तुमचे त्या स्टोअरवरचे सगळे गेम, क्लाउडवर ठेवलेल्या सेव्ह फाइली (खेळातली प्रगती साठवणाऱ्या फाइली) आणि वॉलेटमधली शिल्लक हे सारे पणाला लागते. बँकेने निकाल तुमच्या बाजूने दिला तरी खाते पूर्ववत होईलच याची हमी बँक देऊ शकत नाही. कार्डाचा गैरवापर झाला असता तर मी तुम्हाला क्षणाचाही विलंब न करता बँकेकडे जा असे सांगितले असते. इथे मात्र आधीचे सगळे उपाय संपल्यावरच त्या दिशेला पाहावे, आणि तेही खाते गमावण्याची तयारी असेल तरच.

आता बंद पडणाऱ्या गेमविषयी. तुमची तक्रार कदाचित योग्य ठिकाणी पोहोचलेलीच नाही, असे मला पत्र वाचताना वाटले. यात तुमचा दोष नाही, कारण कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे जायचे हे खरेदीच्या वेळी कोणीही ठळकपणे सांगत नाही. ढोबळमानाने पाहता पैसे, पावती, रिफंड, खात्याची सुरक्षा आणि डाउनलोड ही स्टोअरच्या सपोर्टची जबाबदारी असते, तर गेम मध्येच बंद पडणे, प्रगती पुसली जाणे, एखादे मिशन पुढे न सरकणे ही गेम बनवणाऱ्या किंवा प्रकाशित करणाऱ्या कंपनीची. काही मोठ्या प्रकाशकांचे गेम एका स्टोअरवर विकत घेतले तरी त्यांच्या स्वतःच्या लाँचरमधून, म्हणजे गेम उतरवून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालतात आणि त्यासाठी तिसरेच खाते उघडावे लागते. अशा वेळी दोन्ही सपोर्ट एकमेकांकडे बोट दाखवतात आणि खेळाडू मध्ये अडकतो. पीसी खेळाडूंच्या संतापाचे एक मोठे कारण हेच आहे आणि तो संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. ज्याने पैसे घेतले त्यानेच तक्रारही पुढे पोहोचवावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

तरीही आज आहे त्या व्यवस्थेतून काम करून घ्यायचे असेल, तर पुढची तयारी करा. सर्वांत आधी सेव्ह फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. क्लाउड सेव्हवर विसंबू नका, कारण बिघडलेली सेव्ह फाइल क्लाउडवर चढली की चांगली प्रत पुसली जाण्याची शक्यता असते. त्यानंतर लाँचरमधली फाइल पडताळणीची सोय वापरा. ती तुमच्या डिस्कवरच्या फाइली मूळ फाइलींशी ताडून पाहते आणि खराब झालेल्या तेवढ्याच पुन्हा उतरवते. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. ओव्हरलेची (गेमवर तरंगणाऱ्या खिडकीची) सुविधा, स्क्रीन रेकॉर्ड करणारी साधने, मॉड्स (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) आणि ओव्हरक्लॉकिंग (संगणक ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) तात्पुरते बंद करून त्याच जागी पुन्हा खेळून पाहा, आणि शक्य असल्यास त्या जागेच्या बऱ्याच आधीची सेव्ह उघडून तिथवर नव्याने पोहोचा. गेम कुठेही, कधीही बंद पडत असेल तर संशय आधी संगणकाची उष्णता, मेमरी किंवा ड्रायव्हर यांवर घ्यावा. तो नेमका एकाच जागी बंद पडत असेल, तर दोष बहुधा गेममध्ये किंवा त्या सेव्ह फाइलमध्ये असतो. तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता अधिक वाटते, आणि ती सिद्ध करता आली तर रिफंडच्या अर्जालाही बळ मिळते.

सपोर्टला लिहिताना राग आवरून तपशील द्या. पहिली छाननी अनेकदा यंत्राकडून किंवा तयार उत्तरांच्या यादीवरून होते. त्यामुळे ‘गेम चालत नाही, पैसे परत करा’ असे लिहिले की त्या यादीतले पहिले उत्तर तुमच्याकडे येते. त्याऐवजी तुमचा मजकूर साधारण असा असावा:

‘अमुक तारखेला, अमुक ऑर्डर क्रमांकाने मी हा गेम घेतला. तिसऱ्या प्रकरणात अमुक दृश्य संपताच गेम दर वेळी बंद पडतो. फाइल पडताळणी, नवा ड्रायव्हर, मॉड्सशिवाय सुरुवात आणि जुनी सेव्ह हे चारही उपाय करून झाले. परिणाम तोच आहे. गेमची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरचा क्रमांक खाली दिला आहे. डीएक्सडायगचा (विंडोजमधल्या तपासणी साधनाचा) अहवाल, क्रॅश लॉग (गेम बंद पडल्याची नोंद) आणि त्या क्षणाची छोटी चित्रफीत सोबत जोडली आहे. दोष दुरुस्त होण्याचा अंदाजे काळ कळवावा. तसे शक्य नसल्यास गेम पूर्ण करता येत नाही या कारणास्तव रिफंड मिळावा.’

हा मजकूर आधी प्रकाशकाच्या सपोर्टला पाठवा. त्यांचे उत्तर आले, विशेषतः दोष मान्य करणारे उत्तर आले, की ते जोडून स्टोअरकडे रिफंडचा अर्ज पुन्हा करा. एकाच विषयाचे नवे तिकीट, म्हणजे सपोर्टकडची तक्रारीची नोंद, दर वेळी उघडू नका. आधीच्याच तिकिटात नवी माहिती घालून उत्तर द्या, म्हणजे पुढचा माणूस संपूर्ण इतिहास वाचू शकेल आणि तुम्ही रांगेच्या शेवटी ढकलले जाणार नाही. सगळी उत्तरे तारखेसह जपून ठेवा. ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे जाण्याची वेळ आली, तर तोच तुमचा पुरावा असेल.

रिफंडच्या नियमांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मित्रांच्या वादात हाच मुद्दा राहून गेला आहे. स्टीम या स्टोअरवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असल्यास रिफंड मिळतो. एपिक गेम्स स्टोअरचीही सर्वसाधारण मर्यादा तीच आहे. गॉग या स्टोअरने २०२० मध्ये आपले धोरण बदलून खरेदीनंतर ३० दिवसांपर्यंत, गेम डाउनलोड करून खेळला असला तरी, रिफंड मागण्याची मुभा दिली आणि तिचा गैरवापर करू नये अशी विनंती केली. दोन तासांची मर्यादा गेम सुरू होतो की नाही हे पाहायला पुरेशी आहे. पण वीस-तीस तासांच्या गेममध्ये पाचव्या-सहाव्या तासाला निघणारा दोष तीत पकडला जात नाही, आणि तुम्ही नेमके याच फटीत सापडला आहात. मात्र मर्यादा उलटली म्हणजे दार कायमचे बंद झाले असे समजू नका. नियमात न बसणारा अर्जही करता येतो आणि तो पाहिला जाईल, असे स्टीम आपल्या रिफंड धोरणात स्वतःच सांगते. मोठा दोष जाहीरपणे मान्य झालेल्या गेमच्या बाबतीत असे अर्ज मंजूर होण्याची शक्यता वाढते. पूर्व-खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अधिकृत प्रकाशनाच्या काही दिवस आधी खेळायला मिळणारा वेळही स्टीम २०२४ पासून त्या २ तासांत मोजते.

ही धोरणे कोणा स्टोअरच्या औदार्यातून एका रात्रीत आलेली नाहीत. व्हॉल्व्हने स्टीम सुरू केले २००३ मध्ये आणि सर्वांसाठी खुली अशी रिफंडची पद्धत आणली जून २०१५ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक व स्पर्धा आयोगाने त्याआधीच, २०१४ मध्ये, रिफंडच्या हक्कावरून व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले होते. २०१६ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने कंपनीने ग्राहक कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हा इतिहास सांगण्याचा हेतू एवढाच, की स्टोअरच्या धोरणापलीकडे तुमच्या देशाचा ग्राहक कायदाही असतो आणि ‘आमच्या अटींत बसत नाही’ हे वाक्य दर वेळी अंतिम नसते. विकलेली वस्तू सदोष असेल तर ग्राहकाला काय मिळायला हवे, हे तुमच्या कायद्यात काय म्हटले आहे ते वाचा आणि गरज पडल्यास त्या तरतुदीचा उल्लेख तिकिटात करा.

आता फुकट गेमकडे वळू. यावर तुमच्या दोन मित्रांची टोकाची मते आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. फुकट गेम घेण्यात कमीपणा काहीच नाही. त्यामुळे गेम बनवणाऱ्याचे पैसे बुडतात हा समजही बहुतांशी चुकीचा आहे, कारण कायमस्वरूपी फुकट दिल्या जाणाऱ्या गेमसाठी स्टोअर सहसा निर्मात्याला ठरलेली रक्कम मोजते. एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये आपले स्टोअर उघडले आणि तेव्हापासून फुकट गेम देणे सुरू केले. पुढच्या वर्षापासून ते दर आठवड्याला होऊ लागले. २०२१ मध्ये अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात जी कागदपत्रे उघड झाली, त्यांवरून असे दिसले की पहिल्या नऊ-दहा महिन्यांत अशा गेमवर कंपनीने सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर खर्च केले आणि त्यातून जवळपास ५० लाख नवी खाती मिळवली. म्हणजे एका नव्या खात्यामागे दोन-अडीच डॉलर. स्टोअरला काय हवे असते ते या हिशेबात स्पष्ट दिसते: तुमचे खाते, तुमचा ईमेल आणि दर आठवड्याला येऊन जाण्याची तुमची सवय. मे २०२० मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटो ५ फुकट दिला गेला, तेव्हा इतकी गर्दी उसळली की स्टोअर कित्येक तास कोलमडले होते. हा सौदा उघड आहे आणि तो तुम्हाला मान्य असेल तर निःसंकोच करावा. फक्त तो सौदा आहे, हे ठाऊक असावे.

फुकट म्हणून जे समोर येते ते सगळे मात्र एकसारखे नसते. काही गेम एकदा मिळवले की खात्यात कायम राहतात. काही शनिवार-रविवारपुरते खेळायला मिळतात आणि मग विकत घ्यावे लागतात. काही एखाद्या सदस्यत्वासोबत येतात. सदस्यत्व संपले की त्यांतले काही जातात, काही राहतात, आणि कोणते काय हे अटी वाचल्याशिवाय कळत नाही. काही गेम मुळातच फुकट असतात आणि आतल्या खरेदीवर चालतात, म्हणजे त्यांत खरी किंमत खेळायला लागल्यानंतर सुरू होते. ‘मिळवा’चे बटण दाबण्याआधी यांतला कोणता प्रकार आहे हे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती फुकटच्या निमित्ताने उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यांची. प्रत्येक नव्या स्टोअरसाठी तोच ईमेल आणि तोच पासवर्ड वापरला जातो, एखाद्या खरेदीसाठी कार्ड जोडले जाते आणि मग ते खाते वर्षानुवर्षे कोणी उघडतही नाही. एका ठिकाणाहून पासवर्ड फुटला की तोच पासवर्ड इतर सर्व ठिकाणी लावून पाहिला जातो, आणि ज्या खात्यात तुम्ही खरोखर पैसे गुंतवले आहेत तेही हातचे जाते. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा, टू-फॅक्टर पडताळणी सुरू करा, वापरात नसलेल्या खात्यांवरून कार्ड काढून टाका आणि मूळ ईमेल खाते सर्वांत भक्कम ठेवा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथेच असतात. फुकट गेमच्या नावाने चॅटवर येणारे दुवे उघडू नका. गेम मिळवायचा असेल तर स्टोअरचे पान स्वतः उघडून मिळवा. ‘चुकून तुझ्या खात्याची तक्रार झाली आहे, सपोर्टच्या या माणसाशी बोल’ असा निरोप एखाद्या ओळखीच्या खात्यावरून आला तरी तो फसवणुकीचाच प्रकार समजा. स्टीमचे कर्मचारी खात्याच्या अडचणींसाठी चॅटवरून संपर्क साधत नाहीत. त्यांचा व्यवहार सपोर्टच्या पानावरूनच होतो.

न उघडलेल्या शेकडो गेमबद्दल तुमच्या पत्रात एक अपराधी सूर जाणवला. तो सोडून द्या. ते गेम खेळण्याचे कोणतेही कर्ज तुमच्यावर नाही. मात्र त्या ढिगामुळे तुमच्या निवडीवर परिणाम होत असेल, तर एक साधा बदल सुचवते: दर आठवड्याचा गेम आपोआप घेण्याऐवजी त्याची चित्रफीत आधी पाहा आणि विकत असता तर विशलिस्टमध्ये टाकला असता का, एवढे स्वतःला विचारून मगच घ्या. फुकट मिळेल या आशेने हवा असलेला गेम वर्षभर टाळणे मला योग्य वाटत नाही. लहान चमूंचे बरेच गेम सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या विक्रीवर तग धरतात. एखादा गेम मनापासून आवडणार असे वाटत असेल आणि परीक्षणे तो नीट चालतो असे सांगत असतील, तर त्याचे पैसे मोजण्यात आनंद आहे. तुमच्या तिसऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

शेवटचा प्रश्न विश्वासाचा. एकाच स्टोअरशी एकनिष्ठ राहावे, हे मत पीसी खेळाडूंमध्ये फार खोलवर रुजले आहे आणि त्यामागची कारणे खोटी नाहीत. सगळे गेम एका ठिकाणी दिसतात, मित्रयादी एक राहते, सेव्ह फाइली एकाच जागी असतात. स्टीमवर खेळाडूंची परीक्षणे, मॉड्ससाठीचे वर्कशॉप, कंट्रोलरची उत्तम सोय आणि लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारे प्रोटॉन हे सगळे वर्षानुवर्षे घडत गेले आहे. एपिकने सुरुवात केली तेव्हा तिथे खरेदीची टोपलीसुद्धा नव्हती. ती आली डिसेंबर २०२१ मध्ये. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये मेट्रो एक्झोडस हा गेम प्रकाशनाच्या तोंडावर स्टीमवरून काढून वर्षभरासाठी एपिककडे नेण्यात आला, तेव्हा खेळाडूंना आपल्या निवडीचा हक्क हिरावला गेल्यासारखे वाटले. ती नाराजी मला समजते. पण त्याच नाराजीतून २०१९ मध्ये ऊब्लेट्स या गेमच्या दोन जणांच्या चमूला शिव्या आणि धमक्या सोसाव्या लागल्या, केवळ त्यांनी एपिकशी करार केला म्हणून. दुकान कोणते निवडले यावरून माणसांना धमकावण्याचे समर्थन कधीही होऊ शकत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. स्टीम विक्रीतला ३० टक्के वाटा घेते आणि तो मोठ्या विक्रीनंतर २५ व २० टक्क्यांपर्यंत उतरतो, म्हणजे सवलत मिळते ती आधीच यशस्वी असलेल्या गेमना. एपिकने सुरुवातीपासून १२ टक्के घेतले. निर्मात्याच्या हातात किती पडते याची तुम्हाला चिंता असेल, तर हा फरक लहान नाही. एका स्टोअरकडे सगळे खेळाडू एकवटले, तर वाटा, नियम आणि सपोर्टचा दर्जा सुधारण्याचे कारणच त्याला उरणार नाही. म्हणून माझे मत असे की निष्ठा स्टोअरला देऊ नये. निवड गेमगणिक करावी, आणि ती करताना सवलतीच्या आकड्याआधी हे पाहावे की काही बिघडले तर या ठिकाणी माझे काय होईल: रिफंडची मुदत किती, सपोर्टपर्यंत माणूस पोहोचतो का, गेमसाठी आणखी एखादे खाते लागते का, इंटरनेटशिवाय तो चालतो का.

यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. डिजिटल स्टोअरवर आपण गेम विकत घेतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात मिळतो तो वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये झालेल्या आणि २०२५ च्या आरंभी लागू झालेल्या कायद्याने स्टोअरना हे स्पष्टपणे सांगणे भाग पाडले, आणि स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासूनच खरेदीच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. युबीसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेला तो गेम एकट्याने खेळणेही अशक्य झाले. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या युरोपीय संघातील नागरिक याचिकेने २०२५ मध्ये १० लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. ही मागणी अवाजवी नाही. विकलेला गेम, सपोर्ट संपल्यावरही, कोणत्या ना कोणत्या रूपात खेळता येण्याजोगा सोडावा, एवढेच ती म्हणते, आणि माझा तिला मनापासून पाठिंबा आहे.

याच दृष्टीने गॉगचे महत्त्व आहे. २००८ पासून ते डीआरएमविरहित, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप नसलेले, गेम विकते आणि त्यांचे ऑफलाइन इन्स्टॉलर तुम्ही उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवू शकता. परवाना तिथेही असतोच, पण उतरवलेली प्रत कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नसते. सगळे नवे मोठे गेम तिथे येत नाहीत आणि काहींची अपडेट उशिरा मिळतात, हे मान्य. तरीही एकट्याने खेळायचा, पुन्हा पुन्हा काढून खेळावासा वाटणारा गेम तिथे मिळत असेल, तर मी तो तिथे घेण्यास सुचवेन. मित्रांबरोबर खेळायचा गेम मित्र जिथे आहेत तिथे घ्या. ज्याबद्दल खात्री नाही तो जिथे रिफंड सोपा आहे तिथे घ्या आणि पहिल्या दोन तासांतच त्याची कसून परीक्षा पाहा: ग्राफिक्सची मांडणी बदला, सेव्ह करून पुन्हा उघडा, कंट्रोलर जोडा, ऑफलाइन चालवून बघा. अधिकृत स्टोअरपेक्षा अविश्वसनीय स्वस्त दराने गेमच्या ‘की’ (गेम खात्यात जोडण्याचे कोड) विकणाऱ्या त्रयस्थ विक्रेत्यांपासून दूर राहा. अशा ‘की’ कधी चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या निघतात, नंतर रद्द होतात, आणि त्या वेळी मूळ स्टोअर किंवा प्रकाशक तुमची जबाबदारी घेत नाही.

तुमच्या अडलेल्या गेमपुरते सांगायचे, तर आज सेव्हची प्रत काढा, उद्या प्रकाशकाला तिकीट पाठवा आणि दोन आठवडे थांबा. त्या काळात एखादे अपडेट आले तर त्यासोबतच्या बदलांच्या यादीत तिसऱ्या प्रकरणाचा उल्लेख आहे का ते पाहा. असेल तर काढून ठेवलेल्या सेव्हवरून पुढे खेळा. नसेल तर प्रकाशकाचे उत्तर जोडून स्टोअरकडे नव्याने अर्ज करा, आणि पैसे वॉलेटमध्ये घ्यायचे की मूळ कार्डावर असे विचारले गेले, तर मूळ कार्डच निवडा.